दिवसभर उभ्याने काम: पायात घालायचं तरी काय?

म्हापशेकरीण

नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचायला येते, धागा पहिलाच आहे. सांभाळून घ्या.

मी म्हापशात एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. सकाळी नऊ ते एक, मग साडेतीन ते आठ. मधल्या अडीच तासांत सगळं गाव झोपतं आणि मी घरी जाऊन भात टाकते, म्हणजे तेव्हाही उभीच. काउंटरमागे गुळगुळीत टाइल्स. खुर्ची एकच, ती गल्ल्यावरच्या शेटांची. शुक्रवारी बाजाराचा दिवस, तेव्हा पाणी प्यायचीही आठवण राहत नाही.

गेले तीन महिने सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. दहा-बारा पावलं चालले की सैल पडतं, रात्री दुकान बंद करताना परत ठणकतं. सध्या पायात सपाट सँडल आहे. दिसायला छान, तळ पापडाएवढा. बुटांच्या दुकानात गेले तर तो म्हणाला, "मेमरी फोम घ्या मॅडम, ढगावर चालल्यासारखं वाटेल." घ्यावं का?

दुसरा प्रश्न नवऱ्याचा. तो वेर्ण्याला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. कंपनी सेफ्टी शूज देते, पण करंगळीवर भोवरी आलीय, ती कापून कापून दमला. शिवाय तीन वर्षांपूर्वी मिळालेला एक कोरा जोड कपाटात जपून ठेवला होता. यंदा जूनमध्ये काढला, तर दुसऱ्याच दिवशी तळाचा चुरा होऊन जिन्यावर पडला. सासूबाई म्हणतात उंदरांनी खाल्ला. उंदीर असे आतून खातात का?

दोघांचं मिळून बजेट पाच हजार.

सुके_बांगडे

पहिला! शेटची खुर्ची पळवा. खर्च शून्य रुपये.

माती_लाल

उंदीर बिचारा निर्दोष आहे.

मी साखळीच्या बाजूला लोखंडाच्या खाणीवर फोरमन होतो, आता घरी. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या स्टोअरमध्ये कोऱ्या बुटांचे डबे तसेच राहिले. २०१५ ला काम परत सुरू झालं, साहेबाला वाटलं आयते बूट आहेत, वाटून टाका. वाटले. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत हॉल रोडवर, म्हणजे खाणीतल्या ट्रकांच्या रस्त्यावर, काळे चुरे, जशी काय कोणी चॉकलेटी केकची वाट आखलीय. एक पोरगा तर वरचा भाग पायात आणि तळ चिखलात, असा चालत आला.

ते तळ पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे असतात. हलके, पायाला मऊ, सगळं खरं. पण हवेतला दमटपणा त्याला आतून तोडतो. वरून कोरं दिसतं, आत भुसा. आणि गोव्यात दमटपणा काय कमी आहे? वापरातला जोड कपाटातल्यापेक्षा जास्त टिकलेला मी पाहिलाय. जपून ठेवाल तर लवकर जाईल, अशी ही वस्तू. सेफ्टी शूजवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते बघून घ्या. अख्खा रबराचा तळ असेल तर हे होत नाही, पण तो जड.

अर्धा_नंबर

मडगावात माझं पादत्राणांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मेमरी फोमवाला आमच्याच धंद्यातला, तरी सांगतो.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. कामावर जे मोजे घालता ते घालूनच माप द्या. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचा नंबर घ्या. पुढे अंगठ्याच्या टोकापासून हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र मागे हलता कामा नये.

आता भोवरीचं. तुमच्या नवऱ्याचा पाय रुंद असणार आणि कंपनीत नुसता नंबर विचारून बूट देत असणार. चवड्यात आवळतं म्हणून माणूस मोठा नंबर मागतो. आपल्याकडचा एक नंबर म्हणजे लांबीत साधारण साडेआठ मिलिमीटर. रुंदीला त्याने फार फरक पडत नाही, उलट पाय पुढे-मागे सरकतो आणि करंगळी रोज घासते. एका कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून पायाची बाह्यरेषा काढा, त्यावर बूट ठेवा. पाय बुटाबाहेर दिसला तर बूट तुमचा नाही. "चामडं आहे, सैल होईल" असं मी स्वतः हजार गिऱ्हाइकांना सांगितलंय. रुंदीत थोडं होतं. लांबीत अजिबात नाही.

सुके_बांगडे

हजार गिऱ्हाइकांतला मी एक. माझे पैसे कधी परत देताय?

अर्धा_नंबर

बिल आणा.

हाडांची_ओळख

मी फिजिओथेरपिस्ट. म्हापशेकरीणताई, तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण सकाळच्या पहिल्या पावलाला दुखणं आणि चाललं की कमी होणं, ही प्लांटर फॅशियायटिसची नेहमीची गोष्ट आहे. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. कडक जमिनीवर तासन् तास उभं राहिल्यावर तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे खेचला जातो. रात्री पाय सैल पडतो, पट्टा आखडतो, आणि सकाळी सगळं वजन एकदम त्यावर.

मेमरी फोमबद्दल. दुकानात दोन मिनिटं ढग वाटतो, यात खोटं नाही. पण तो दाबला की दबून राहतो. नऊ तास उभ्या माणसाखाली तासाभरात ढग संपतो आणि टाइल लागते. तुम्हाला मऊपणापेक्षा आधार हवा. दुकानात तीन गोष्टी करून बघा. बूट टाच आणि टोक धरून वाकवा: तो बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. ओला कपडा पिळतात तसा पिळा: सहज पिळला गेला तर तोही नको. मागचा भाग दोन बोटांनी दाबा: कडक लागला पाहिजे, कारण टाच तो धरून ठेवतो. आणि टाच चवड्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असू दे. अगदी सपाट सँडल हीच तुमची अडचण असू शकेल.

अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून दहापर्यंत मोजा, आठ-दहा वेळा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. याला आठवडे लागतात, चार दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका. पाय बधिर वाटला, सूज आली किंवा झोपेतही दुखलं तर धागा वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

वॉर्ड_क्रमांक_सात

+१. बावीस वर्षं नर्स आहे. पहिली पाच वर्षं पांढऱ्या कापडी बुटांत काढली आणि टाचेची हीच कहाणी झाली. आता कडक मागचा भाग, वेल्क्रो आणि धुता येणारं वरचं अस्तर, एवढंच बघते. आमच्याकडे वर भोकं असलेले रबरी क्लॉग घालायची फॅशन आली होती. एका मुलीच्या हातून ट्रे सुटला आणि सुई नेमकी भोकातून आत. तेव्हापासून आमच्या वॉर्डात वरून बंद बूटच.

पोटरीवर शिरा दिसायला लागल्या असतील तर डॉक्टरना विचारून घट्ट मोजे घ्या, उशीर करू नका. मी केला.

अनवाणी_बरा

सगळं वाचून हसू येतंय. माझे आजोबा पाडेली होते. दिवसाला तीस माड चढायचे, आयुष्यात बूट घातला नाही, ऐंशीव्या वर्षी ताठ चालायचे. टाचदुखी हा बुटांनीच लावलेला रोग आहे. पाय उघडा ठेवा, तो स्वतःच मजबूत होतो.

हाडांची_ओळख

अनवाणीबाब, थोडं पटतं. लहानपणापासून मातीत उघड्या पायाने वावरलेला पाय मजबूतच असतो. पण आजोबांच्या पायाखाली वाळू, माती आणि माडाचं खोड होतं, प्रत्येक पाऊल वेगळं पडत होतं. ताईंच्या पायाखाली नऊ तास एकच टाइल आहे आणि पाऊल पडतच नाही, त्या उभ्या आहेत. चाळिशीत अचानक बूट फेकून दिलेले दोन पेशंट मी सध्या बघतेय.

अनवाणी_बरा

म्हणजे दोष टाइलचा. मी तेच म्हणतोय.

पळी_पंचपात्र

मी एका देवळात पूजेला असतो. आमचा धंदाच अनवाणी, तेव्हा दोन्ही बाजू ऐकून घ्या. पहाटे साडेपाचपासून संगमरवर, तो अभिषेकाने ओला. पावसाळ्यात बर्फासारखा गार, मे महिन्यात बाहेरच्या प्रदक्षिणेची लादी तव्यासारखी. टाचांना भेगा अशा की बायको म्हणते, चादर फाटते. बुटांचा धागा आहे हे मान्य, पण ज्याला बूट वर्ज्य त्याने काय करावं?

हाडांची_ओळख

भटजीकाका, जिथे एका जागी जास्त वेळ उभं राहता तिथे जाड चटई किंवा गोधडीची घडी चालेल का? देवळाबाहेर पडल्यावर मात्र चांगला आधार असलेली चप्पल, घरातसुद्धा. रात्री पाय धुऊन पुसून भेगांना व्हॅसलीन आणि वर सुती मोजे. मधुमेह आहे का?

पळी_पंचपात्र

आहे. सहा वर्षं.

हाडांची_ओळख

मग ही थट्टा नाही. तव्यासारख्या लादीवर पाय पोळला आणि कळलंच नाही, असं मधुमेहात होतं. रोज रात्री तळवा आरशात बघा किंवा काकूंना बघायला सांगा. डॉक्टरकडे एक नायलॉनचा बारीक तंतू असतो, तो टेकवून संवेदना तपासतात, पाच मिनिटांचं काम. बाहेर वापरायला एमसीआर चप्पल घ्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, मागे पट्टा असलेली. आपल्याकडे ती आधी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात आली, मग मधुमेहींसाठी. आणि दुपारी प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची पट्टी अंथरायला देवस्थान समितीला सांगा, भाविकांचेही पाय पोळतात.

वेर्णावाला

नवऱ्यासाठी सेफ्टी शूज कसे निवडायचे यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी सेफ्टी विभागात आहे (कंपनी वेगळी असावी!).

सेफ्टी शूजवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५२९८ हा आकडा असला पाहिजे. त्याच्या भाग २ मधल्या बुटाची पुढची टोपी २०० जूलचा आघात सोसते. म्हणजे ढोबळमानाने वीस किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडलं तरी बोटं शाबूत. भाग ३ मध्ये १०० जूल, भाग ४ मध्ये टोपीच नसते. बाजारात "सेफ्टीसारखे दिसणारे" बूट खूप असतात, दिसण्याने बोटं वाचत नाहीत.

पुढे अक्षरं. एस१ म्हणजे मागून बंद, टाचेला झटका शोषणारा आणि स्थिर वीज साठू न देणारा. पी जोडलं तर खालून खिळा शिरू नये म्हणून मध्ये थर. एस३ म्हणजे हे सगळं, शिवाय वरून पाणी चटकन शिरत नाही आणि तळाला खाचा. एसआरसी दिसलं तर साबणपाण्याची लादी आणि ग्लिसरीन लावलेली पोलादी पट्टी, दोन्हींवर घसरण तपासलेली आहे.

एक महत्त्वाचं. मेन्टेनन्सला म्हणताय, तर ते विजेचं काम करतात का? स्थिर वीज जाऊ देणारा बूट आणि विजेपासून वाचवणारा बूट, या दोन उलट गोष्टी आहेत. पहिला घालून चालू पॅनल उघडायचं नाही. हे स्टोअरवाल्याला माहीत असेलच असं नाही, त्यांनी स्वतः विचारावं.

टोपी लोखंडाची की कंपोझिटची? दोन्ही त्याच चाचणीतून जातात. कंपोझिट हलकी असते, पण तेवढ्याच ताकदीसाठी जाड लागते, त्यामुळे रुंद पायाला कधी कधी तीच जास्त आवळते. घालून बघणे हाच उपाय. बहुतेक ठिकाणी भोवरी दाखवून रुंद जोड मागितला तर मिळतो. लोक मागतच नाहीत.

रात्रपाळी

मागून बघा एकदा. मी सिक्युरिटीत. एजन्सीने दिलेले काळे चकचकीत बूट, तळ पुठ्ठ्यासारखा, वर पगारातून पैसे कापले. दुसरे घातले की सुपरवायझर म्हणतो युनिफॉर्म नाही. गेटवर बारा तास.

अर्धा_नंबर

रात्रपाळी, आतलं पातळ अस्तर निघतंय का बघा. निघत असेल तर ते काढून टाचेला खोलगट आणि कमानीला टणक असा इनसोल घाला, बाहेरून बूट तोच दिसतो. मूळ अस्तरावरच दुसरं घातलंत तर बूट आवळेल, ती चूक करू नका. आणि शेवटच्या भोकातून नाडी त्याच बाजूला वर नेऊन फास करा, समोरची नाडी त्यातून ओढा. टाच मागे घट्ट बसते, पुढे बोटांना जागा मिळते. हे फुकटचं आहे.

फोडणी

किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये आहे. आमच्याकडे नाडीवाले बूट नकोतच. उकळतं तेल बुटात गेलं तर नाडी सोडायला वेळ कुठला, झटकन पाय बाहेर यायला हवा. म्हणून पुढून पूर्ण बंद, बिननाडीचे, तेलाला न विरघळणाऱ्या नायट्राइल रबराचा तळ. खाचांत पीठ आणि चरबी बसली की सगळी पकड गेली, म्हणून शिफ्ट संपल्यावर ब्रशने तळ घासतो. नवीन पोरं स्पोर्ट्स शूज घालून येतात. त्या फेसाळ तळाची ओल्या लादीवर घसरगुंडी होते. ऑगस्टमध्ये एक जण किंगफिशची ट्रे घेऊन वॉक-इन शीतगृहाच्या दारात बसला. मासा वाचला, मनगट नाही.

सुके_बांगडे

मासा आधीच मेलेला होता ना?

फोडणी

बिल झालेला मासा आमच्यासाठी जिवंतच.

सुपारी_कातर

आमच्याकडे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि थोडी भातशेती. सेफ्टी शूज वगैरे शहरी गोष्टी. इथे गमबूट. पण तोही कळून घ्यावा. पोटरीच्या मापाला सैल असेल तर वरून पाणी आत जातं आणि मग दिवसभर पाय त्याच पाण्यात शिजतो. पांढरा, सुरकुतलेला, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू उंदराच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येतात आणि अशाच भिजून मऊ झालेल्या किंवा कापलेल्या कातडीतून शिरतात. गमबुटाने लेप्टो टळतो असं समजून भोक पडलेला बूट घालणारे माझ्या वाड्यावर पाच आहेत.

आणि घालण्याआधी उलटा करून आपटा. मला आजवर बेडूक, विंचू, आणि एकदा धाकट्याने लपवलेला आंबा मिळालाय. आंबा पिकला होता.

रापणीचा_दोर

ट्रॉलरवर आम्ही गमबूट एक नंबर मोठाच घेतो. पाण्यात पडलो तर पाय झटकून निघाला पाहिजे, नाहीतर पाणी भरून पाय मारणं जड जातं. वर दुकानदारसायब सांगतात माप बरोबर हवं. दर्यात नियम वेगळा.

अर्धा_नंबर

बरोबर आहे. दर्याला मी माप देत नाही.

काजूबी

अवांतर: पावसाळ्यात बूट सुकवायचे कसे हो? दोन दिवसांत हिरवी बुरशी.

माती_लाल

आत वर्तमानपत्राचे बोळे, दर दोन तासांनी बदलायचे.

काजूबी

कुठलं वर्तमानपत्र?

सुके_बांगडे

रविवारचं. पानं जास्त आणि मजकूर कोरडा.

फोडणी

फ्रिजच्या मागे. बायको ओरडते, बूट सुकतात.

वॉर्ड_क्रमांक_सात

गॅसजवळ नको. जास्त उष्णतेने चामडं वाळून तडकतं आणि चिकटवलेला तळ सुटतो. पंख्याखाली नाड्या सोडून, जीभ वर ओढून. आणि शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून. घामाने भिजलेला बूट एका रात्रीत आतून सुकत नाही, आपल्याकडे तर नाहीच.

कायदा_पोटात

इतकी चर्चा झाली, पण पहिल्या प्रतिसादातला विनोद सोडून खुर्चीबद्दल कोणी बोललं नाही. म्हापशेकरीणताईंच्या पायात सोन्याचा बूट घातला तरी नऊ तास म्हणजे नऊ तास.

कारखान्यांसाठी १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टमध्ये कलम ४४ होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगाराला, कामात अडथळा न येता मध्ये बसता येईल अशी सोय द्यायची. दुकानांसाठी केरळने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसायची सोय बंधनकारक केली. तिथल्या कापड दुकानांतल्या बायकांनी कितीतरी वर्षं त्यासाठी भांडण केलं होतं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसंच केलं. आपल्याकडे शेट म्हणतो, बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला आळशी वाटते.

अर्धा_नंबर

धंदेवाल्याची बाजूही ऐका. गिऱ्हाईक आलं आणि माणूस बसलेला दिसला तर ते पुढच्या दुकानात जातं. मी अनुभवातून सांगतो.

वॉर्ड_क्रमांक_सात

अर्धा नंबरबाब, एक विचारू? तुमच्या दुकानात किती मुली आहेत आणि त्यांच्या पायात काय असतं?

सुके_बांगडे

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. होय, बसलो.)

अनवाणी_बरा

मीही.

अर्धा_नंबर

(दोन दिवसांनी)

तीन. दोघींच्या पायात आंघोळीच्या चपलेसारख्या पातळ स्लिपर, तिसरीच्या पायात तीन इंची टाच, कारण "शोरूमला शोभतं" असं मीच कधीतरी म्हणालो होतो. काल विचारलं तेव्हा कळलं, तिला घरी जाताना बसमध्ये उभं राहवत नाही. गिऱ्हाइकाला बूट घालताना बसायला आमच्याकडे आठ स्टुलं आहेत. तिथेच मुलींनी बसायला मी बंदी केली होती. ताई, प्रश्न लागला.

म्हापशेकरीण

(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढते. सगळ्यांना देव बरें करूं.

आधी नवरा. कागदावर पाय काढला तेव्हा सगळं घर हसलं. सहा वर्षं नऊ नंबर घालत होता, निघाला आठ, पण रुंद. वेर्णावालाबाबांचा प्रतिसाद छापून स्टोअरमध्ये घेऊन गेला, त्यांनी आठवड्याभरात रुंद पंजाचा एस३ मागवून दिला. पॅनलच्या कामासाठी वेगळे बूट हवेत हे त्यांच्या साहेबालाही पटलं, आता यादी चालू आहे. भोवरी बरीच बसलीय, कापणं बंद. सासूबाईंनी मात्र कपाटात उंदराचा पिंजरा लावलेला आहे. एक पकडलाही.

माझं: मेमरी फोम नाही घेतला. चार दुकानं फिरून, प्रत्येक बूट पिळून (तिसऱ्या दुकानातला माणूस चिडला) एक साधा काळा बंद बूट मिळाला, मागे कडक, टाच दीड सेंटिमीटर. एकोणीसशे रुपये. सोबत व्यायाम आणि बाटली. पहिले दहा दिवस काहीही फरक नाही, मी इथे येऊन भांडणारच होते. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा ठेवला आणि मग लक्षात आलं की पाय दुखलाच नाही. अजून शुक्रवारी रात्री ठणकतं.

खुर्ची पळवली नाही. पण शेटांना एवढंच म्हटलं की औषधाचा डोस गिऱ्हाइकाला समजावून सांगताना बसले तर चुका कमी होतील. ते काही बोलले नाहीत. सोमवारी काउंटरमागे एक उंच स्टूल होतं, आणि गोदामातली जुनी रबरी चटई धुऊन खाली टाकलेली. स्टुलावर बसलं की डोळे गिऱ्हाइकाच्या बरोबरीला येतात, त्यामुळे कोणाला मी बसलेय हे कळतही नाही. गिऱ्हाईक कमी झालेलं नाही.

हाडांची_ओळख

वा! शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत भात नवऱ्याला टाकू दे.

म्हापशेकरीण

तो वेर्ण्याला असतो हो. भात कुकरला लावून मीच बसते आता.

पळी_पंचपात्र

आमच्या समितीने काथ्याची पट्टी मंजूर केली. गाभाऱ्यात मी गोधडीची घडी टाकली, त्यावर एका भाविकाने पाच रुपये ठेवले.

सुके_बांगडे

अर्धा नंबरबाब, तुमच्या आठ स्टुलांचं काय झालं?

अर्धा_नंबर

दोन मुलींकडे आहेत. टाचवाल्या मुलीला दुकानातलाच एक जोड दिला, माप संध्याकाळी घेतलं. तुमचं बिल सापडलं का?